जिथे काहीच घडत नाही : फेइ मू नावाच्या चिनी दिग्दर्शकाची गोष्ट

पडक्या तटबंदीवरून एक बाई चालत येते. हातात भाजीची परडी आहे, पण घरी जायची घाई दिसत नाही. तिचाच आवाज आपल्याला सांगत राहतो : भाजी आणायची, नवऱ्याचं औषध आणायचं, आणि मग थोडा वेळ या तटावर चालायचं, रोज हेच. घरी आजारी नवरा, शाळकरी नणंद आणि एक म्हातारा नोकर. काही दिवसांनी एक पाहुणा येतो. संपली पात्रं. पुढचा दीड तास आपण या पाच माणसांबरोबर काढायचा.

हा चित्रपट मी पहिल्यांदा लावला तेव्हा अर्ध्या तासात मोबाइल हातात घेतला होता, हे आधीच सांगून टाकतो. 1948 साली शांघायमध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनाही फारसा रुचला नव्हता. आणि 2005 साली, चिनी सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्सने सर्वोत्तम चिनी चित्रपटांची यादी काढली, तेव्हा पहिला नंबर याचाच लागला. जॉन वू, वाँग कार-वाई हे जगभर गाजलेले दिग्दर्शक सगळे त्याच्या खाली. नावाचा अर्थ साधा आहे : 'छोट्या गावातला वसंत'. दिग्दर्शक फेइ मू.

पडलेला चित्रपट सत्तावन्न वर्षांनी पहिला कसा येतो, हे समजून घ्यायचं तर फेइ मूची सगळी कारकीर्द एकदा बघावी लागते. फार मोठी नाही, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची. त्यातली बरीचशी वर्षं युद्धात गेली.

फेइ मूचा जन्म 1906 साली शांघायमध्ये झाला, वाढला मात्र तो पेकिंगमध्ये. शिकला फ्रेंच शाळेत, परकीय भाषा सहज वाचायचा. वाचनाचा नाद एवढा की डोळे बिघडले, एका डोळ्याने तर जवळजवळ दिसेनासं झालं. सिनेमात यायच्या आधी त्याने खाणीच्या कचेरीत हिशेबनिसाची नोकरी केली. मग चित्रपटांवर लिहायला लागला, परदेशी चित्रपटांच्या पाट्यांची भाषांतरं करायला लागला. म्हणजे कॅमेऱ्याला हात लावायच्या कितीतरी आधी तो हे काम करत होता : पडद्यावर काय दिसतंय आणि त्याखाली किती शब्द लिहायचे. 1932 साली तो शांघायच्या लियानह्वा या चित्रपट कंपनीत दाखल झाला.

त्या काळच्या चिनी सिनेमाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. सुरुवातीला चिनी लोक सिनेमाला 'यिंगशी' म्हणत. यिंग म्हणजे सावली, शी म्हणजे नाटक. सावल्यांचं नाटक. आपण 'चित्रपट' म्हणतो त्यात चित्र आहे, त्यांच्या शब्दात नाटक होतं. शब्दाप्रमाणेच समजूतही होती : सिनेमा म्हणजे पडद्यावरचं नाटक. त्यात संघर्ष हवा, योगायोग हवेत, शेवटी दुष्टाला शासन हवं. कॅमेऱ्याने नट दिसतील असं समोर उभं राहायचं. सगळेच असे करत होते असं नाही, पण प्रेक्षक तिकीट काढून याचसाठी येत.

फेइ मूला नेमकं हेच काढून टाकायचं होतं. 1933 सालच्या 'शहरातली रात्र' या पहिल्याच चित्रपटात त्याने नाट्य कमी करून नुसतं जगणं दाखवायचा प्रयत्न केला. नायिका होती रुआन लिंगयू, चिनी मूकपटांची सर्वांत मोठी नटी. त्यानंतर आणखी दोन चित्रपट त्याने तिला घेऊन केले. 1935च्या मार्चमध्ये वयाच्या 24व्या वर्षी तिने आत्महत्या केली. हे तिन्ही चित्रपट आज उपलब्ध नाहीत. जुन्या चिनी सिनेमाबद्दल लिहिताना हे पुन्हापुन्हा म्हणावं लागतं. बाँब, आगी, निष्काळजीपणा, सगळ्यांचा त्याला हातभार लागला.

चित्रपट गेले, पण 1934 साली त्याने लिहिलेला एक छोटा लेख राहिला. विषय होता 'हवा'. चिनी शब्दही नेमका तोच, श्वासात घेतो ती हवा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : चित्रपटाने प्रेक्षकाला ताब्यात घ्यायचं असेल तर पात्रांभोवती हवा तयार करावी लागते.

आपण ज्याला वातावरणनिर्मिती म्हणतो तीच, असं वाटेल. थोडा फरक आहे. समजा तुम्ही नातेवाइकांकडे गेलात आणि पाच मिनिटांपूर्वीच त्या घरात भांडण झालंय. कुणी काही सांगत नाही. वहिनी हसून पाणी आणून देतात, दादा तुमच्या प्रवासाची चौकशी करतो. तरी दार उघडलं त्या क्षणी तुम्हाला कळलेलं असतं. कशावरून कळलं ते सांगता येणार नाही. पेला जरा जोरात ठेवला गेला असेल, एक जण खिडकीकडे बघत बसला असेल. सगळं शब्दांवाचून झालेलं. फेइ मूला पडद्यावर हे आणायचं होतं. त्याने वाटाही सांगितल्या : कॅमेऱ्याची स्वतःची हालचाल, समोरची वस्तू जशी आहे तशी दाखवणं, आजूबाजूच्या गोष्टींमधून सुचवणं, आणि आवाज. चित्रपट करायला लागून दोनच वर्षं झालेल्या माणसाने हे लिहिलं. पुढची सगळी कारकीर्द या चार वाटांवरची येरझार आहे.

ही येरझार सुखाची नव्हती. 1935 साली त्याने कुटुंबातल्या कर्तव्यांवर चित्रपट केला, चिनी वाद्यांचं संगीत असलेला. तो अमेरिकेतही दाखवला गेला. पण त्या वेळचं च्यांग कै-शेकचं सरकार कन्फ्युशियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या संस्कारांचा प्रचार करत होतं, त्यामुळे डाव्या मंडळींना यात सरकारची री ओढल्याचा वास आला. पुढच्याच वर्षी आला 'लांडग्यांच्या डोंगरावरचं रक्त'. जपानने 1931 साली मांचुरिया गिळला होता आणि पुढे सरकत होता, पण पडद्यावर जपानचं नाव घेऊन लढा म्हणायला सेन्सॉरची बंदी. म्हणून गावावर लांडगे येतात. गावातला एक जण म्हणतो लढू या. एक चहावाला म्हणतो हा डोंगराच्या देवाचा कोप आहे, लांडग्यांना हात लावू नका. कोण लांडगे आणि कोण भित्रा चहावाला, हे प्रेक्षकाला सांगायची गरज नव्हती. डावे टीकाकार या वेळी खूश झाले. फेइ मूच्या नशिबी हे कायम राहिलं : एका वर्षी प्रतिगामी, पुढच्या वर्षी पुरोगामी. तो मात्र दोन्ही वेळा हवेकडेच बघत होता.

1937च्या अखेरीस शांघाय जपानच्या हातात पडलं. फक्त परकीयांच्या वसाहतींचा भाग, जिथे ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच यांची सत्ता होती, तो 1941च्या डिसेंबरपर्यंत टिकला. चारी बाजूंना जपानी सैन्य आणि मध्ये हा तुकडा, म्हणून चिनी लोक त्याला 'एकाकी बेट' म्हणत. या बेटावर सिनेमाचा धंदा मात्र जोरात होता. निर्वासितांची गर्दी झालेली, लोकांना करमणूक हवी होती, आठ-दहा दिवसांत पौराणिक पोशाखी चित्रपट उरकले जात. आणि या गडबडीत फेइ मू 'कन्फ्युशियस' करत बसला. महिन्यांमागून महिने गेले, खर्च ठरल्यापेक्षा फार पुढे गेला.

1940च्या डिसेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला. आपल्याकडे संतपटांची परंपरा असल्यामुळे मी चमत्काराची वाट बघत बसलो होतो. एकही नाही. हा कन्फ्युशियस राज्याराज्यांतून फिरणारा, कुणी न ऐकणारा, उपाशी राहणारा म्हातारा माणूस आहे. लाडके शिष्य त्याच्याआधी मरतात. रिकामं आकाश, रिकामी जमीन, मोजक्या वस्तू, आणि चौकटीत एका कोपऱ्यात माणसं. चिनी शाईचित्रांत कागद कोरा सोडतात तसा पडदा कोरा सोडलेला. देश बुडताना नीतीने वागणाऱ्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न त्या बेटावर बसून विचारणं सोपं नव्हतं.

मग जपान्यांनी बेटही घेतलं. फेइ मूने चित्रपट करणं थांबवलं, कारण केला असता तर त्यांच्या देखरेखीखाली करावा लागला असता. तो नाटकाकडे वळला आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिला. ही वर्षं चरित्रांमध्ये दोन ओळींत उरकतात. मला ती महत्त्वाची वाटतात. नाटकात नट अर्धा अर्धा तास सलग समोर असतो. कोण उभं आहे, कोण बसलं, कुणी कुणाकडे पाठ केली, यावरच सगळा खेळ. सिनेमातून नाटक काढून टाकायला निघालेला हा माणूस चार वर्षं रंगभूमीवर राहिला आणि परत आला तो हे सगळं घेऊन.

परत आल्यावर हाती घेतलेलं मोठं काम होतं चीनचा पहिला रंगीत चित्रपट, मेइ लानफांगला घेऊन. मेइ लानफांग म्हणजे चीनचा बालगंधर्व समजा. पेकिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारा, जगभर नाव झालेला पुरुष नट. जपानी अमलात गायला लागू नये म्हणून त्याने मिशा वाढवल्या होत्या. मिशा असलेला माणूस नायिका कशी होणार? त्याला रंगीत पडद्यावर आणायचं म्हणजे पेच होता. ऑपेरात चाबूक हातात घेतला की घोडा आला, आपल्या दशावतारात रंगमंचावर फेरी मारली की गाव बदलतं तसं. कॅमेऱ्याला मात्र खराखुरा घोडा लागतो. शिवाय तंत्र अपुरं, 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण करून ते मोठं करायचं. रंग मनासारखे आले नाहीत. या कामाच्या रेंगाळत्या काळातच फेइ मूने एक कमी खर्चाचा, घाईत आटपायचा चित्रपट हातात घेतला.

तोच हा 'छोट्या गावातला वसंत'. पटकथा ली थ्येनची या तरुण लेखकाची. फेइ मूने ती छाटून छाटून पाच माणसं, एक पडकं घर आणि एक तट एवढीच ठेवली.

गोष्ट दोन वाक्यांची. युवेनचा नवरा लियान आजारी आहे, युद्धात घराची रया गेली आहे, नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात. लियानचा जुना मित्र झिचेन, आता डॉक्टर झालेला, दहा वर्षांनी भेटायला येतो, आणि लग्नाआधी युवेनचं त्याच्यावरच प्रेम होतं हे लियानला ठाऊक नाही. आता आपल्याला वाटतं की पळून जातील, किंवा कुणी तरी मरेल, किंवा निदान मोठं भांडण होईल. यातलं प्रत्येक दाराशी येऊन परत जातं.

बघताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवलं तर हा चित्रपट उघडत जातो.

पहिली, युवेनचा आवाज. ती सांगते ते बहुतेक आपल्याला दिसतच असतं. ती चालते आणि म्हणते, मी चालते. हे कशासाठी? मग लक्षात येतं की जिथे ती हजरच नाही तिथलंही ती सांगते. झिचेन स्टेशनवरून गावात येतोय हे तिला कसं कळलं? शिवाय चित्रपटाच्या सुरुवातीलाच कुणाला तरी निरोप दिल्याचं दृश्य येऊन गेलेलं असतं. म्हणजे हे सगळं होऊन गेलंय आणि ती आठवतेय? की आत्ता घडतंय? की रोजच्या कंटाळ्यात तिने मनाशी रचलंय? फेइ मू उत्तर देत नाही, आणि आपण नकळत तिच्या डोक्यात जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे. एक दृश्य विरघळत जातं आणि त्यातून दुसरं उमटतं, ही युक्ती आपण हजारदा पाहिली आहे. एरवी तिचा अर्थ असतो 'काही काळ गेला' किंवा 'जागा बदलली'. फेइ मू ती एकाच प्रसंगाच्या मध्ये वापरतो. तीच माणसं, तीच खोली, मधे क्षणभराचाच फरक, तरी प्रतिमा विरघळते. पापणी लवून पुन्हा उघडावी तसं. बोलता बोलता मन दुसरीकडे जातं आणि परत येतं, ते पडद्यावर दिसतं. 1948 साली हे असं फारसं कुणी करत नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे न कापलेली, लांब दृश्यं. झिचेन आला त्या संध्याकाळी सगळे एका खोलीत आहेत. नणंद शिऊ गाणं म्हणतेय, 'त्या दूरच्या जागी', तेव्हा लोकप्रिय असलेलं लोकगीताच्या ढंगाचं गाणं. युवेन नवऱ्याला औषध देते. झिचेन गाणं ऐकतोय, पण बघतोय कुठे? कॅमेरा सावकाश इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो, आणि चार माणसांमध्ये कुणाला काय माहीत आहे याचा सगळा हिशेब आपल्यासमोर मांडला जातो. शब्द फक्त गाण्याचे. मधून कापून एकेकाचा चेहरा मोठा दाखवला असता तर काय बघायचं ते दिग्दर्शकाने ठरवलं असतं. इथे ते आपल्याला शोधावं लागतं, त्या नातेवाइकांच्या घरात शोधलं होतं तसंच. जुन्या चीनची करडी उदासी पोचवायला आपण लांब दृश्यं आणि संथ हालचाल वापरली, असं फेइ मूने त्याच वर्षी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आणि हातरुमाल, रुमालाने झाकलेलं तोंड, दिवे. गावातली वीज मध्यरात्री जाते. नणंदेच्या सोळाव्या वाढदिवसाला सगळे थोडी जास्त पितात, त्याच रात्री वीज गेल्यावर युवेन मेणबत्तीच्या उजेडात झिचेनच्या खोलीत जाते. तो स्वतः बाहेर पडतो आणि तिला आत कोंडतो. ती दाराची काच हाताने फोडते. रक्त येतं. अख्ख्या चित्रपटात एवढाच काय तो हिंसाचार. मग तो डॉक्टर असल्यासारखा पट्टी बांधतो, आणि पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टर राहत नाही. एवढंच. 'भावनेतून निघावं, मर्यादेशी थांबावं' असं चिनी काव्यशास्त्रातलं फार जुनं वचन आहे. फेइ मूने त्या थांबण्यातच अंगावर काटा आणला आहे.

प्रेक्षकांना तेव्हा हे का रुचलं नसेल, ते मात्र मी समजू शकतो. 1948 साली चीनमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं, पैशाची किंमत रोज पडत होती, वर्षभरात सत्ता बदलणार होती. अशा वेळी एका पडक्या वाड्यातल्या सुखवस्तू माणसांचं मन दुखतंय हे कुणी बघायचं? डाव्या टीकाकारांनी त्याला निष्क्रिय, रोगट ठरवलं. पण वाड्याची भिंत युद्धात पडली आहे, लियान एकेक वीट उचलून ती बसवायचा प्रयत्न करतोय, आणि त्याला जमत नाहीये. देशाचं याहून नेमकं चित्र त्या वर्षी कुणी काढलं असेल असं मला वाटत नाही. फक्त फेइ मूने ते पाटी लावून सांगितलं नाही.

1949 साली तो हाँगकाँगला गेला, नवी कंपनी काढायच्या खटपटीत राहिला, आणि 31 जानेवारी 1951 रोजी लिहिण्याच्या टेबलाशीच गेला. वय 44. चीनमध्ये त्याचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. 1963 साली चिनी सिनेमाचा जो जाडजूड इतिहास निघाला त्यात या चित्रपटाच्या वाट्याला नापसंतीच आली. सांस्कृतिक क्रांती संपून संग्रहालयांची दारं उघडली, 1980च्या दशकात जुन्या प्रती हाँगकाँगमध्ये दाखवल्या गेल्या, तेव्हा कुठे तरुण समीक्षक खुर्चीत सावरून बसले.

2002 साली थ्येन च्वांगच्वांग या दिग्दर्शकाने तो रंगात पुन्हा केला. 'निळा पतंग' या चित्रपटामुळे त्याच्यावर चीनमध्ये बंदी आली होती आणि जवळजवळ दहा वर्षांनी तो कॅमेऱ्यामागे आला होता. त्याचा चित्रपट सुंदर आहे, पण त्याने युवेनचा आवाज काढून टाकला. दोन्ही पाठोपाठ बघा, एका आवाजाने काय जातं ते कळेल. मूळ चित्रपटातला देखणा झिचेन, म्हणजे ली वेइ, 1990 साली झांग यिमोऊच्या 'जूदोउ'मध्ये बायकोचा छळ करणारा म्हातारा रंगारी झाला आहे. ओळखू येत नाही.

'कन्फ्युशियस' तर हरवलाच होता. 2001 साली कुणी तरी नाव न सांगता हाँगकाँगच्या फिल्म संग्रहालयाला एक प्रत आणून दिली. डागडुजी होऊन 2009 साली ती दाखवली गेली, तेव्हा काही मिनिटांचे सुटे तुकडे असे होते की ते कुठे बसवायचे कुणालाच सांगता येईना.

'वसंत' इंटरनेटवर उपशीर्षकांसह सहज सापडतो. शेवट नीट बघा. पाहुणा निघून गेलेला असतो. सुरुवातीला जिथे एकटी चालत होती त्याच तटावर युवेन उभी आहे, आणि खालून काठी टेकत लियान वर येतोय. या बाजूला तो एरवी कधी फिरकत नसे. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहतो, ती हात उचलून लांब कुठे तरी दाखवते. तिकडे काय आहे ते कॅमेरा वळून दाखवत नाही.